वरचा आणि खालचा

त्या वर्षी वाऱ्यानं झाडांवर दात धरला होता. एक वादळ निस्तरतंय न निस्तरतंय तोवर पुन्हा आभाळ भरून यायचं, आणि सकाळी उठून बघावं तर कुणाच्या कुंपणावर, कुणाच्या गोठ्यावर, नाहीतर भर रस्त्यात एखादं झाड आडवं. झाडं तोडण्यावर ज्यांचं पोट, त्यांना अशा दिवसांत घास गिळायला फुरसत नसते. पण घरच्या थोरल्या सुनेच्या, थोरलीच्या, नवऱ्याचं झाडं कापायचं मशीन नेमकं तेव्हाच रुसलं.

सकाळी चूल पेटवताना तिचा कान अंगणात असायचा. तो दोरी ओढायचा. मशीन घसा खाकरल्यासारखं करायचं आणि गप्प. पुन्हा दोरी, पुन्हा खाकरणं. मधेच भुर्र करून धूर सोडायचं, तिला वाटायचं झालं, आणि तेवढ्यात जीव टाकायचं. मग पान्ह्याचा आवाज यायचा. म्हणजे प्लग काढला. मग तो आत येऊन ओलाचिंब प्लग चुलीच्या कडेला सुकायला ठेवायचा आणि उजवा खांदा डाव्या हातानं दाबत उंबऱ्याशी बसायचा.

"मिस्त्रीकडे न्या ना एकदा," ती म्हणाली.

"दोनदा नेलं. दोन्ही वेळा त्यानं प्लग बदलला. तिसऱ्यांदा म्हणेल, आता माणूस बदला."

ती हसली. तो हसला नाही. सदऱ्याची वरची बटणं तो हल्ली डाव्या हातानं लावायचा, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. दोरी ओढून ओढून खांदा पार निखळायला आला होता. कामावर तो आता सगळ्यांच्या आधी जायचा. लोकांना वाटायचं, काय मेहनती माणूस. खरं म्हणजे दोरीशी चाललेली झटापट कुणी बघू नये म्हणून ती घाई.

पण झाकली मूठ किती दिवस झाकून राहणार? बागवाल्याकडे चार-पाच झाडं पडली होती. दुपारी ती डबा घेऊन गेली, तेव्हा मशीन चालू होऊन बंद पडलं होतं आणि आता हूं की चूं करत नव्हतं. बागवाला छत्री टेकून उभा होता.

"चालू झालं की हाक मारा," तो म्हणाला. "तोवर मी जेवून येतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच जास्त लागलं. जेवून येताना त्यानं दुसऱ्या एकाला बोलावून आणलं. त्या पोरगेल्या माणसानं नवं कोरं मशीन जमिनीवर ठेवलं, पाय दिला, आणि पहिल्याच हिसक्याला ते गुरगुरायला लागलं. थोरलीला वाटलं, नवरा आता सामान आवरून घरी निघेल. तो निघाला नाही. त्यानं आपलं मशीन गोणपाटाखाली झाकलं आणि त्या पोरगेल्या माणसानं कापून टाकलेल्या फांद्या ओढून कडेला लावायला लागला. डाव्या हातानं. संध्याकाळपर्यंत. ती डबा तसाच घेऊन उभी होती आणि मान वर करून बघायचं धाडस तिला होत नव्हतं. या बागेत पूर्वी याच माणसाला लोक वाकून विचारायचे, झाड कुठल्या अंगाला पाडता?

त्याला सगळे वरचा म्हणत. नाव कधीचंच मागे पडलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ मोठी करवत ओढायचे. झाड पाडायचं, आणि तिथंच खणलेल्या खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून फळ्या काढायच्या. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खड्ड्यात उतरायचं, आणि मधे पुरुषभर उंचीची करवत. काप खाली येताना बसतो, म्हणून खरा जोर खालच्याचा. रेघ वरून दिसते, म्हणून शब्द वरच्याचा. थोरला भाऊ कायम वर, धाकटा कायम खाली. लोकांनी नावंच ठेवून दिली, वरचा आणि खालचा. ती दोन नावं जोडीनंच घेतली जायची, मीठ-मिरची घ्यावीत तशी.

तेव्हा डबा घेऊन निघायचं कधी, हे तिला घड्याळ नाही, करवत सांगायची. खर्र... सूं, खर्र... सूं. लांबून आवाज यायचा. दमले की तो लांबायचा, भांडले की तुटक व्हायचा. लाकडात गाठ लागली की एकदम जाड व्हायचा. खालच्याला खूप भूक लागली की सूं जरा जास्तच जोरात यायचं, असं ती म्हणायची आणि तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही माझ्या पोटात कान लावून बसता का?" खड्ड्यातून वर आला की तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. भुवया, कान, मान, सगळीकडे भुसा. डोळ्यांत गेलेला भुसा ती ओल्या फडक्याच्या कोपऱ्यानं काढायची. तो लहान पोरासारखा तोंड वर करून गप्प बसायचा. वरचा तेवढ्यात जेवायला सुरुवात करायचा आणि खालचा डोळे मिटलेल्यानंच म्हणायचा, "दादा, माझ्या वाटणीचं ठेव."

मग मशीन आलं. दोघांनी मिळूनच आणलं, दोघांनी मिळूनच खांद्यावरून घरी वाहिलं. पहिल्या दिवशी लोक बघायला जमले. ज्याचं झाड होतं तो म्हणाला, "हे तर एकट्याचं काम झालं. आता खालचा काय करणार?"

वरचा त्या दिवशी रंगात होता. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "तो? तो आता चहा आणेल."

सगळे हसले. खालचाही हसला. आणि खरंच जाऊन चहा घेऊन आला, सगळ्यांना दिला, भावाचा पेला कापलेल्या बुंध्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही. वखारीत, जिथं लाकूड चिरायची मोठी यंत्रं बसवली होती, तिथं लागला. काही दिवसांनी वस्तीच्या त्या टोकाला वेगळं बिऱ्हाड केलं. भांडण झालंच नाही. झालं असतं तर कुणीतरी मिटवलं तरी असतं. सासूनं मात्र आपली वळकटी उचलली आणि धाकट्याच्या मागं गेली. जाताना थोरलीला म्हणाली, "वर उभ्या असलेल्याला सगळेच बघतात गं. खालच्याला मी बघते."

बागवाल्याकडून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळ झालं. वारा थांबल्यावर फाटकाशी कुणीतरी उभं होतं. थोरलीनं ओळखलं, पण क्षणभर विश्वास बसला नाही. धाकटी होती, तिची जाऊ. पायात चिखल, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"आत ये," थोरली म्हणाली.

"आत नाही येत. मागची तुती पडली, आईंच्या खोलीवर. आईंना स्वयंपाकघरात आणून बसवलंय. भिंत अजून उभी आहे, पण झाड दर वाऱ्याला करकरतंय. पुन्हा वारा आला तर सगळंच खाली येईल." तिनं श्वास घेतला. "मशीनवाल्या सगळ्यांकडे हिंडून आले. कुणाला चार दिवस सवड नाही."

"भाऊजींनी पाठवलं?"

"त्यांना ठाऊक नाही. ते वखारीत गेलेत. तिथं खाडा केला तर चालत नाही." ती खाली बघत म्हणाली, "कळलं तर बोलायचे नाहीत माझ्याशी. न बोलू देत. झाड काही कुणाच्या बोलण्याची वाट बघत थांबत नाही."

वरचा आतून ऐकत होता. त्यानं मशीन उचललं, तेलपेट्रोलचा डबा थोरलीच्या हातात दिला आणि पुढं चालायला लागला. खांद्यावर मशीन घेताना तो दातावर दात दाबतो हे तिला दिसलं. आपलं मशीन चालत नाही हे त्यानं धाकटीला सांगितलं नाही, आणि थोरलीनंही नाही.

तुती मुळासकट उपटली होती. बुंधा मागच्या भिंतीवर टेकला होता आणि सगळा डोलारा छपरावर. कौलं फुटून आतल्या खाटेवर पडली होती. झाड फळांच्या दिवसांत पडलं होतं, त्यामुळे भिंतीवर जांभळे ओघळ उतरले होते. म्हातारी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. थोरलीनं तिच्या पायांना हात लावला.

"मशीन आणलंय का नुसतं तोंड?" म्हातारीनं विचारलं.

"मशीन आणलंय."

"मग बरं."

परसात वरच्यानं मशीन खाली ठेवलं, पाय दिला, दोरी ओढली. खाकरलं. पुन्हा ओढली. भुर्र झालं आणि विझलं. आजूबाजूचे लोक यायला वेळ लागला नाही. लग्नात आणि मशीन बंद पडल्यावर सल्ला द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही.

"चोक पूर्ण ओढा की."

"ओढूच नका चोक. पेट्रोल चढलंय, वास येतोय."

"उन्हात ठेवा जरा."

"ऊन कुठंय?"

"माझ्याकडे द्या," आतून म्हातारी म्हणाली. "कान पिळते त्याचा."

वरच्यानं प्लग काढला, मशीन उलटं करून आत साचलेलं पेट्रोल गाळलं, प्लग पुसला, घासला, बसवला. हवेचा फिल्टर काढून मांडीवर आपटला. दोरी ओढली. चालू झालं. लोकांनी हां केलं. त्यानं ते उचलून जोर दिला, तसं ते गुदमरलं आणि बंद पडलं. लोकांनी पुन्हा हां केलं, पण खालच्या पट्टीत. मग एकेक जण कामं आठवून निघून गेला. ते बरं झालं, कारण त्यानंतर वरच्याला उजव्या हातानं दोरी ओढता येईना. तो गुडघ्यावर बसून डाव्या हातानं ओढत राहिला. थोरली म्हणाली, "मी ओढू?" त्यानं मान हलवली. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता आणि ती त्याच्याकडे न बघता तुतीच्या फांद्या मोजल्यासारखं करत होती.

दिवस कलला तेव्हा खालचा घरी आला. तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर भुसा. फडकं सोडल्यावर तो आधी वाकून खोकला, बराच वेळ. थोरलीला वाटलं, हा खोकला साधा नाही. केस पिकले होते. गालफडं बसली होती. खोकला थांबल्यावर त्यानं आधी झाडाकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग बायकोकडे. भावाकडे पाहिलं नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "पेट्रोल किती दिवसांचं आहे, विचारा त्यांना."

थोरलीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा मशीनकडे बघत म्हणाला, "सांग त्याला, कालच मिसळलंय."

"कालच मिसळलंय," ती म्हणाली.

"टाकीतली नळी बघितली का म्हणावं. तोंडाशी कचरा बसतो."

"सांग, बघितली. स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे."

"प्लगला ठिणगी पडते?"

"पडते म्हणून सांग. निळी पडते."

थोरलीचं डोकं या भावाकडून त्या भावाकडे फिरत होतं. पहिल्यांदा तिला हसू येत होतं. मग येईनासं झालं. किती वर्षं हे दोघं एकमेकांचा श्वास ऐकून हात हलवत होते, आणि आता पेट्रोल किती दिवसांचं हे विचारायला मधे बाई लागते.

"मी आईंना चहा करायला चाललेय," ती म्हणाली. "तुमचे निरोप तुमचे तुम्ही पोचवा."

ती आत गेली आणि चुलीपाशी धाकटीशेजारी बसली. दोघी कान देऊन ऐकत होत्या. म्हातारीनं तर चहा थंड होऊ दिला. बाहेर बराच वेळ काही आवाज नाही. मग दोरीचा हिसका. मग खालच्याचा आवाज.

"थांब. पुन्हा ओढ. हळू."

हिसका.

"अजून एकदा."

हिसका.

"दादा, इकडे हात लाव. इथं, सायलेन्सरच्या तोंडाशी. मी ओढतो."

म्हातारीनं डोळे मिटले. थोरलीला उठून जावंसं वाटलं, पण तिनं स्वतःला बसवून ठेवलं.

"लागतो का काही वारा हाताला?" खालचा विचारत होता.

"नाही लागत. अगदी बारीक."

"तेच. आत घेतंय, बाहेर सोडायला जागा नाही. कसं चालू होणार? प्लग ओला होणारच. उघड ते."

दोघी बाहेर आल्या तेव्हा सायलेन्सर उघडला होता. आतली बोटभर रुंदीची जाळी काजळीनं अशी भरली होती की जाळी कुठली आणि काजळी कुठली कळेना. डांबर लावल्यासारखी.

"हे मी कधी उघडलंच नाही," वरचा म्हणाला.

"मिस्त्रीनं?"

"तो प्लग बदलायचा."

खालच्यानं जाळी नखानं खरवडली, वास घेतला. "तेल किती घालतोस पेट्रोलमधे?"

"सांगितलंय तेवढंच." वरचा घुटमळला. "वरून थोडं."

"वरून थोडं कशाला?"

"सुकं पडू नये म्हणून. मशीन आहे, जपायला नको?"

खालचा जाळीकडे बघत राहिला. "करवतीलाही तू असंच करायचास. तेल चोपडून चोपडून. सगळं माझ्या टाळूवर टपकायचं. सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हा सासरे म्हणाले, जावईबापू डोक्याला फार तेल लावतात."

धाकटीनं तोंडाला फडकं लावलं. वरचा हसला नाही, पण त्याचा चेहरा कसातरी झाला, आणि तो जाळी घेऊन चुलीकडे गेला. निखाऱ्यावर धरून त्यानं ती लाल केली. काजळी जळून पांढरी पडली. मग धाकटीनं स्टोव्हची पिन आणली आणि दोघी जावांनी मिळून तिचं एकेक भोक मोकळं केलं. उजेडाकडे धरून बघितलं तर पलीकडचं आभाळ दिसत होतं.

तोवर अंधारायला लागलं होतं. दोघा भावांनी भिंतीला आतून टेकू दिले आणि थोरली-वरचा तिथंच जेवले.  कुणाला काय वाढायचं ते म्हातारी सांगत होती.

दुसऱ्या दिवशी खालचा वखारीत गेला नाही. आभाळ खाली उतरलं होतं आणि वारा जमिनीवरून पानं हुडकत फिरत होता. वरच्यानं सायलेन्सर बसवला. खालच्यानं दोरी ओढली. मशीन लागलीच चालू झालं, आणि जोर दिल्यावर मोकळ्या गळ्यानं ओरडलं. म्हातारी आतून म्हणाली, "आता ओरडू नका म्हणावं, कामाला लागा."

आधी छपरावरच्या फांद्या काढायच्या होत्या. वरचा शिडीवर चढला, मशीन छातीच्या वर उचललं, आणि त्याचा हात थरथरायला लागला. पाती फांदीवरून घसरली आणि एका धड कौलावर जाऊन बसली. कौल फुटलं. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा हात थरथरला. सगळे खाली उभे होते. त्यानं मशीन बंद केलं आणि एकेक पायरी उतरून खाली आला.

"माझ्याच्यानं होत नाही," तो भावाला म्हणाला. "तू घे."

"मला कुठं येतंय ते. मी कधी त्यानं काही कापलं नाहीये."

"दोन्ही हातांनी घट्ट धर. अंगठा खालून वळव. टोक कशाला लागू द्यायचं नाही, टोक लागलं की ते उसळून तोंडावर येतं. बाकी लाकूड तुला मी काय सांगू?"

खालचा शिडीवर चढला. पहिल्या दोन फांद्या त्यानं भीत भीत कापल्या. मग त्याला लाकूड कळायला लागलं. कुठली फांदी ताणात आहे, कुठली नुसती लोंबतेय, हे तो मशीन लावायच्या आधी हातानं चाचपून बघायचा. पण तीन-चार फांद्या झाल्या की शिडीला कपाळ टेकून थांबायचा. पाठ भात्यासारखी वरखाली व्हायची.

"डॉक्टरनं सांगितलंय वखार सोडा म्हणून," धाकटी थोरलीला हळूच म्हणाली. "फडकं बांधून जातात. फडक्यानं काय होतंय?"

वरच्यानं ते ऐकलं. तो खोलीत गेला आणि आतून बुंध्याखालचा टेकू हाताळायला लागला. बुंधा कापायची वेळ आली तेव्हा काप अर्ध्यावर जाताच लाकडानं पाती आवळून धरली. मशीन गुरगुरून अडलं. खालचा ओढतो तर निघेना.

"ओढू नकोस," वरचा आतून ओरडला. "पाचर देतो. थांब."

तो परसात आला, वाकून बुंध्याखाली शिरला, कापाच्या फटीत लाकडी पाचर धरली आणि डाव्या हातानं हातोडा घातला. एक घाव. दुसरा. फट उघडली. पिवळाधमक भुसा त्याच्या डोक्यावर, मानेत, सदऱ्यात पडत होता. खालच्यानं मशीन पुन्हा चालू केलं. जसजसा काप खाली उतरत होता, तसतसा वरचा पाचर ठोकत होता, आणि कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. थोरली परसात उभी राहून ऐकत होती. मशीनचा आवाज तिला कधीच आवडला नव्हता, त्यातून काही कळायचं नाही. आज त्यात मधेमधे हातोड्याचा ठोका होता, आणि तो चुकत नव्हता. बुंधा करकरला, वळला आणि भिंतीला न लागता परसात उतरला. जमिनीला हादरा बसला. भिंत उभीच राहिली.

दोघं पायरीवर येऊन बसले. एकाचा खांदा लोंबत होता, एकाचा श्वास लागला होता. वरच्याचे डोळे लालभडक झाले होते. थोरलीनं फडकं ओलं केलं आणि आधी नवऱ्यापुढं बसली. त्यानं तोंड वर केलं. ती भुसा काढत गेली. मग डोळे मिटलेल्यानंच म्हणाला, "एवढं झोंबतं होय रे?"

"सवय होते," खालचा म्हणाला.

"तू कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

धाकटी चहा घेऊन आली. तिच्या हातातला एक पेला वरच्यानं घेतला, पण स्वतः प्यायला नाही. तो उठला आणि भावाच्या हातात दिला. खालच्यानं पेल्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि निवांत प्यायला.  थोरलीला वाटलं, त्या जुन्या चहाबद्दल आता काही बोलायला नकोच.

म्हातारी काठी टेकत दारात आली. तिनं दोघांकडे आलटून पालटून पाहिलं.

"याला हात नाही, त्याला छाती नाही," ती म्हणाली. "दोघं मिळून एक धड माणूस झालात. एवढ्यासाठी मी दोनदा वेणा सोसल्या."

यावर आधी धाकटी हसली, मग सगळेच. खालचा हसता हसता खोकला, आणि वरच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोकला थांबला तरी तो हात तिथंच होता.

वखार सोडण्याचं लगेच झालं नाही. खालचा घाबरत होता. मशीनचं काम आज आहे, उद्या नाही, वखार रोजची, असं तो म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वरचा आग्रह करायचा नाही. संध्याकाळी जाऊन छपराची कौलं बसवून यायचा आणि तिथंच जेवून परतायचा. पण एका सकाळी थोरलीनं फाटक उघडलं तर दीर बाहेर उभा. तोंडाला फडकं नव्हतं.

"वहिनी, दादा उठलाय का?"

"उठलेत. दोरीशी भांडायला निघालेत."

"त्याला म्हणावं खांद्याला आराम दे. दोरी मी ओढतो."

बागवाल्याची दोन झाडं अजून उभी होती, वाऱ्यानं कलंडलेली, आज ना उद्या पडणारी. पोरगेला माणूस दुसऱ्या कामावर निघून गेला होता. थोरली डबा घेऊन गेली तेव्हा बागवाला छत्री टेकून तसाच उभा होता.

"मशीन एक आणि माणसं दोन?" तो म्हणत होता. "याला एकच माणूस लागतो ना?"

"आम्हालाही तसंच वाटलं होतं," वरचा म्हणाला. "याला दोन लागतात."

"मग तो काय करणार?"

वरच्यानं पाचर उचलली. "तो कापणार. मी हाताखाली आहे."

बागवाल्यानं खांदे उडवले आणि बाजूला झाला. खालच्यानं दोरी ओढली. थोरली दूर थांबली, झाड पडायच्या रेषेपासून लांब. खालचा गुडघ्यावर बसून कापत होता. मागं वरचा उभा होता, एक हात भावाच्या पाठीवर, नजर शेंड्याकडे. झाड हललं की त्या हातानं तो नुसतं दाबायचा, आणि खालचा थांबायचा. सोडला की पुन्हा सुरू. शेंडा थरथरला. वरच्यानं त्याचा सदरा धरून त्याला मागं ओढलं. झाड सावकाश झुकलं आणि मोकळ्या जागेत पडलं.

मशीन बंद झालं. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग त्या शांततेत तिला दोघांचा आवाज ऐकू आला.

"धूर बघ किती करतंय. पुन्हा वरून थोडं घातलंस?"

"नाही घातलं."

"दादा."

"बरं, थोडंसं."

"किती थोडंसं?"

भांडण बराच वेळ चालेल असं दिसलं. थोरलीनं ताज्या बुंध्यावरचा भुसा हातानं झाडला, त्यावर डबा ठेवला आणि दोघांचं वाढायला घेतलं.